नाथांच्या घरची म्हातारी माणसे

नाथमहाराजांचे चरित्र लावले की श्रोते ठरावीक प्रसंगांची वाट पाहत बसतात. कीर्तनकाराला ते त्यांच्या तोंडाकडे पाहूनच कळते. गाढवाला पाजलेली गंगेची कावड, अंगावर थुंकणारा यवन, श्राद्धाचे अन्न, पाणी वाहणारा श्रीखंड्या. हे प्रसंग गोड आहेतच, आणि कितीही वेळा सांगितले तरी शिळे होत नाहीत. परंतु नाथांच्या चरित्रात एक म्हातारा आणि एक म्हातारी आहे. त्यांच्यापाशी आपण सहसा थांबत नाही. आज थांबायचे आहे.

याला कारण आहे. अलीकडे सप्ताहाला कुठेही जा, काला झाला, पंगती उठल्या, की कोणीतरी बाजूला घेतो आणि हळूच विचारतो. घरी आई अंथरुणाला खिळलेली आहे, तिचे सगळे आपणच करतो, पण मन पार कोमेजून गेले आहे. कधी कधी तर तिचाच राग येतो. हे पाप कुठे फेडावे? बाया विचारतात, पुरुषही विचारतात. अहो, विचारणारा माणूस वाईट नसतो. वाईट माणसाला हा प्रश्नच पडत नाही. त्याला उत्तर म्हणून मी नाथांच्या घरातले हे दोन जीव सांगत असतो, आणि तेच आज येथे लिहितो.

पैठणचे भानुदासमहाराज आपल्या संप्रदायाला ठाऊक आहेत. विजयनगरास गेलेली पांडुरंगाची मूर्ती त्यांनी पंढरीस परत आणली, अशी परंपरा आहे. त्यांचे पुत्र चक्रपाणि. चक्रपाणींचे पुत्र सूर्यनारायण, सूनबाई रुक्मिणी. या दोघांच्या पोटी इ. स. १५३३ च्या सुमारास नाथांचा जन्म झाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पोर अगदी तान्हे असतानाच बाप गेला आणि आईही गेली. ज्या वयात मुलाच्या हाती घर सोपवावे आणि आपण माळ ओढीत बसावे, त्या वयात चक्रपाणींच्या मांडीवर देवाने पुन्हा तान्हे पोर ठेवले. मुलगा आणि सून गेल्याचे दुःख गिळायचे, आणि वर नातवाला दुधाची वाटी पाजायची! आजीने काय केले असेल, हे ग्रंथांत फारसे नाही. ज्या घरात असे घडले आहे, त्या घराला ते ग्रंथात पाहावे लागत नाही.

पोर वाढले ते आजोबांचे बोट धरून. मुंज झाली, पाठ सुरू झाला. बुद्धी तीव्र. पण ओढा पहिल्यापासून देवाकडे. चरित्रकार सांगतात की, बारा वर्षांच्या आतबाहेर वय असताना शिवालयात बसलेल्या या मुलाला प्रेरणा झाली : देवगिरीवर जनार्दनस्वामी आहेत, त्यांच्याकडे जा. आणि मुलगा उठला आणि चालू लागला. घरी सांगितले नाही. आजोबांना विचारले नाही, आजीला नमस्कार केला नाही.

येथे कीर्तनात आपण चटकन देवगिरीवर पोचतो. टाळकऱ्यांनाही गुरुभेटीच्या अभंगाची घाई झालेली असते. पण क्षणभर मागे पैठणास राहू या. संध्याकाळ झाली, दिवा लागला, पोर आले नाही. म्हातारा घाटावर जाऊन आला, देवळे धुंडाळली, शेजारीपाजारी विचारले. गोदावरीच्या काठचे गाव, तेव्हा पहिली शंका कसली येणार ते सांगायला नको. रात्र गेली, महिना गेला, वर्षे गेली. आधीच मुलगा गेलेला, आणि आता त्याची एकुलती एक खूणही गेली.

नाथांचे न सांगता जाणे बरोबर होते का, असा प्रश्न एका गावी एका म्हाताऱ्याने भर मंडपात मला केला होता. मी म्हटले, सांगून गेले असते तर जाऊ दिले असते का? तो म्हणाला, नसते दिले. आणि खाली मान घालून बसला. संतांचे जाणे ईश्वरी प्रेरणेचे होते हे खरेच, पण त्या जाण्याने दोन म्हातारे जीव पोळले हेही खरेच. पहिले सांगायचे म्हणून दुसरे झाकण्याचे कारण नाही. नाथांनीही ते झाकले नसावे. पुढचे सगळे चरित्र मला तरी त्याचीच साक्ष वाटते.

जनार्दनस्वामी हे मूळचे चाळीसगावचे. निजामशाहीत देवगिरीच्या किल्ल्याचा कारभार त्यांच्याकडे होता. तिथे नाथांनी गुरुसेवा केली. हिशेबातील एका पैची चूक शोधीत रात्रभर बसले, ती सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली, आणि स्वामींनी ओळखले की हीच एकाग्रता देवाकडे लावली तर पोराचे काम झाले. ही कथा आपल्याला पाठ आहे. पुढे शूलिभंजन पर्वतावर तप झाले, स्वामींबरोबर त्र्यंबकेश्वराची यात्रा झाली, चतुःश्लोकी भागवतावर टीका लिहून झाली. नंतर गुरूंनी आज्ञा केली आणि नाथ एकटेच तीर्थयात्रेला निघाले. या सगळ्यावर स्वतंत्र कीर्तने होतात. आपल्याला परत पैठणला यायचे आहे.

मधल्या काळात शोध घेता घेता आजोबांना पत्ता लागला. नातू जिवंत आहे, देवगिरीस होता, आता यात्रेला गेला आहे. त्यांनी काय करावे? रडले नाहीत, शिव्याशाप दिले नाहीत. जनार्दनस्वामींकडून त्यांनी एक आज्ञापत्र मिळवले आणि जपून ठेवले. म्हातारा शहाणा! माझे ऐकून हा राहणार नाही, पण गुरूचे ऐकून राहील, एवढे त्याने ओळखले होते.

यात्रा करून नाथ पैठणास आले ते घरी गेलेच नाहीत. गावाबाहेर पिंपळेश्वर महादेवाच्या देवळात उतरले. काठावर येऊन पाण्यात पाऊल घालावे की नाही असा विचार करीत उभा राहिलेला माणूस मला इथे दिसतो. घर ओढीत होते, आणि घराचीच भीती होती. शेवटी गाठ पडली ती वाटेवर. म्हाताऱ्याने नातवाला ओळखले, कवटाळले, आणि पत्र पुढे केले. पत्रात गुरूंची आज्ञा होती की, पैठणातच राहावे, विवाह करावा, गृहस्थाश्रम चालवावा, आणि तिथेच भजन-कीर्तन, निरूपण करून लोकांना मार्गाला लावावे. पत्र जिथे वाचले तिथेच नाथ थांबले, पाऊल पुढे टाकले नाही. पुढे त्याच जागी त्यांच्यासाठी घर उभे राहिले, असे चरित्रकार सांगतात.

वाचकहो, या पत्रात काय होते आणि काय नव्हते, ते नीट पाहा. आजा-आजींची सेवा कर आणि त्यासाठी भजन सोड, असे त्यात नव्हते. भजन कर आणि म्हाताऱ्यांचे दुसरे कोणी पाहील, असेही नव्हते. दोन्ही एकाच छपराखाली कर, असे होते. मला वाटते, त्या पत्राने नाथांच्या मनावरचे दोन धोंडे एकदम उतरले. म्हाताऱ्यांजवळ राहिलो तर परमार्थ बुडाला, हा एक. आणि यांना टाकून गेलो होतो, आता जन्मभर त्याची भरपाई केली पाहिजे, हा दुसरा. या दुसऱ्या धोंड्याखाली आज पुष्कळ माणसे दबलेली मी पाहतो. नोकरीसाठी पुण्या-मुंबईस राहिलेला मुलगा बाप पडल्यावर गावी येतो आणि इतक्या वर्षांचे राहिलेले एका महिन्यात फेडायला बसतो. रात्री झोपत नाही, कोणाला हात लावू देत नाही, डॉक्टरवर खेकसतो, बायकोवर खेकसतो, आणि तिसऱ्या महिन्यात बापावरही खेकसतो. अपराध फेडण्यासाठी केलेली सेवा अशीच आंबते. नाथ कर्ज फेडायला बसले नाहीत. आज्ञा म्हणून, आनंदाने, ते राहिले.

गिरिजाबाई घरी आल्या. त्या मूळच्या विजापूरकडच्या. आजा-आजींनी नातसून पाहिली. ज्या ओट्यावर नातवाची वाट पाहत डोळे सुजले होते, त्याच ओट्यावर ती दोघे बसू लागली. आता हे मी ग्रंथातले सांगत नाही, पण घरात म्हातारे माणूस असलेल्या कोणालाही हे पटेल : ज्यांचा नातू एकदा न सांगता गेला, त्यांना तो नदीवर गेला तरी धसका बसणार. कुठे निघालास? केव्हा येशील? काल सांगितलेले आज पुन्हा विचारणार. उत्तर देऊन पाठ फिरवावी तर तोच प्रश्न. सेवा करणाऱ्याचा जीव थकतो तो हातपाय चेपून नाही, तो अशा प्रश्नांनी थकतो.

मग नाथांनी मन कशावर राखले? चरित्रकारांनी त्यांची दिनचर्या लिहून ठेवली आहे, ती पाहावी. पहाटे उठून गुरुस्मरण. मग गोदावरीचे स्नान, संध्या, पूजा, गीता-भागवताचे वाचन. दुपारी अतिथीला घेऊन भोजन. तिसऱ्या प्रहरी भागवताचे निरूपण. सायंसंध्या. रात्री कीर्तन. घर चालू होते, येणारे-जाणारे होते, म्हातारी माणसे होती, पुढे मुले झाली, पण हा नेम ढळला नाही. पहाटेची ती नदीकाठची घटका नाथांची स्वतःची होती. ती त्यांनी कोणाला दिली नाही, आजोबांनाही दिली नाही. आज त्याच पैठणास जायकवाडीचे धरण आहे. १९७६ साली ते पुरे झाले, आणि त्याच्या जलाशयाला लोक नाथसागर म्हणतात. एवढे पाणी पाहिले की मला हटकून ती पहाटेची डुबकी आठवते. एकशेआठ वेळा थुंकणाऱ्यावर राग आला नाही तो काही वेळेवर दाबून टाकला म्हणून नव्हे. तो यायला जागाच उरली नव्हती. रोज पहाटे भांडे घासून ठेवणाऱ्याकडे दुपारी खरकटे साचत नाही.

आपल्याकडे उलटे होते. घरात कोणी अंथरुणाला लागले की पहिल्यांदा काय सुटते? हरिपाठ सुटतो. मग एकादशीचे भजन सुटते. मग देवळात जाणे सुटते, चार माणसांत बसणे सुटते. सेवेकऱ्याला वाटते, मी किती त्याग केला. आणि मग तो त्याग म्हाताऱ्या माणसाच्या ताटात रोज थोडा थोडा वाढला जातो! म्हातारी मुकाट्याने जेवते, पण तिला ती चव कळत असते. अर्धा तास हरिपाठाला बसल्याने म्हातारीचे काही बिघडत नाही. उलट उठून आलेला मुलगा तिला ओळखीचा वाटतो.

दुसरी गोष्ट, नाथांनी घर एकट्याने ओढले नाही. उद्धव नावाचा विश्वासू माणूस सगळा प्रपंच सांभाळीत असे. आणि श्रीखंड्या तर जगाला ठाऊक आहे. बारा वर्षे कावडीने पाणी आणले, चंदन उगाळले, आणि देव आहे हे कळायच्या आत निघून गेला. ज्या रांजणात तो पाणी भरीत असे, तो रांजण पैठणच्या नाथवाड्यात आजही दाखवतात, आणि षष्ठीच्या उत्सवात भाविक तो भरतात. देव पाणी भरायला का आला, यावर आम्ही कीर्तनकार तासभर बोलतो. पण नाथांनी त्याला भरू दिले, हे कोणी बोलत नाही. माझ्या घरचे पाणी मीच भरणार, परक्याचा हात नको, असे त्यांनी म्हटले असते तर देवालाही दारातूनच परत जावे लागले असते. आज एखाद्याची बहीण म्हणते, आठ दिवस आईला माझ्याकडे ने. शेजारीण म्हणते, दुपारी मी बसते जवळ. आणि हा म्हणतो, नको, लोक काय म्हणतील. कोण जाणे, दारात कोण उभे होते!

आणि गिरिजाबाई. नाथांची शांती सगळे सांगतात, त्यांची कोणी सांगत नाही. घरातील म्हाताऱ्यांचे बहुतेक सगळे कुणाच्या हातून होते हे पुरुषांनी मनाशी खरे सांगावे. तो प्रसंग आठवा. नाथांना राग आणण्याची पैज घेऊन एक ब्राह्मण आला. नाथ रागावेनात. जेवणाच्या वेळी गिरिजाबाई वाकून वाढीत असता त्याने त्यांच्या पाठीवरच उडी मारली. नाथांनी त्यांना एवढेच सुचवले की, सांभाळा, पाहुणा पडेल. आणि त्यांनी हसून सांगितले की, हरीला पाठीवर घेऊन काम करण्याची सवय आहे, पडू देणार नाही. हरी म्हणजे त्यांचा मुलगा. लोक हसतात आणि पुढे जातात. मला यात दोघे एकमेकांकडे पाहून बोलताना दिसतात. ओझे एकीच्या पाठीवर होते, पण दुसऱ्याचे लक्ष तिच्याकडे होते. सुनेच्या पाठीवर ओझे आहे आणि घरात कोणाचे तिकडे लक्ष नाही, अशी घरे मी फार पाहिली. त्या घरात म्हाताऱ्या सासूचेही हाल होतात, आणि दोष मात्र सुनेला लागतो.

वारकऱ्याला आणखी एक पेच असतो. वारीला जावे की घरी राहावे? पिढीजात वारी आहे, वीणा खांद्यावर आहे, आणि बाप पडून आहे. मी सांगतो, मागे पाहणारे कोणी असेल तर जा, चार मुक्काम कमी करून जा, आणि गेल्यावर मनात घर घेऊन चालू नका. कोणी नसेल तर राहा, आणि राहिल्यावर मनात पंढरी घेऊन कुढू नका. वाट पाहायची पांडुरंगाला सवय आहे. पुंडलिकाने त्याला वीट दिली ती त्यासाठीच. देवाला वीट दिली, पण आईबापांच्या सेवेचा वीट येऊ दिला नाही. तो आला असता तर देव आल्याबरोबर तो सुटल्यासारखा धावत बाहेर आला असता!

पुढे आजा-आजी वैकुंठवासी झाली. नाथांचे कार्य वाढत गेले. भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका पैठणास सुरू झाली आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, काशीत पूर्ण झाली. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, सिद्ध झाली. आपण आज जी माउली वाचतो तिच्यामागे नाथांचे हे कष्ट आहेत.

आणि मग नाथ स्वतः म्हातारे झाले. चक्र फिरले म्हणतात ते असे. त्यांना दोन मुली, गोदावरी आणि गंगा, आणि एक मुलगा हरी. हरी मोठा संस्कृत पंडित झाला. वडिलांनी देवभाषा सोडून प्राकृतात पुराण सांगावे, कोणाच्याही घरी जेवावे, हे त्याला सोसवेना. तो बायकामुलांना घेऊन काशीला निघून गेला. आम्ही पाठशाळेत अमरकोश आणि रघुवंश घोकलेली माणसे, आम्हाला हरिपंडितांवर सरसकट हसता येत नाही. त्यांची विद्या खरी होती. फक्त म्हातारा बाप त्या विद्येत बसत नव्हता.

पहा, ज्या वाटेने नाथ एकदा आजोबांना सोडून गेले, त्याच वाटेच्या दुसऱ्या टोकाला आता ते उभे होते. चक्रपाणींनी पत्र मिळवले होते. नाथ स्वतः काशीला गेले. मुलाने दोन अटी घातल्या, प्राकृत निरूपण करायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या आणि त्याला घरी आणले. पैठणास हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागले आणि नाथ श्रोत्यांत बसू लागले. हळूहळू मंडप रिकामा झाला. ज्याच्या कीर्तनाला गाव लोटत असे, तो म्हातारा मुकाट्याने एका बाजूला बसून आहे. त्याने कुरकूर केल्याचे कोणीही लिहिलेले नाही. नेम चालूच होता, नदी होती, नामस्मरण होते, ते कोणाच्या अटीत आले नव्हते.

मग ती बाई आली. सहस्र ब्राह्मणभोजनाचा तिचा संकल्प होता आणि जवळ काही उरले नव्हते. एका नाथांना जेवू घातले तर तो पुरा होईल, असे तिला सांगण्यात आले होते. नाथांनी मुलाकडे पाहिले. मुलाने, कशी कोण जाणे, संमती दिली, आणि स्वयंपाकही स्वतःच केला. जेवण झाल्यावर हरिपंडित नाथांची पत्रावळ उचलायला वाकले. एक उचलली तो खाली दुसरी, दुसरी उचलली तो तिसरी. अशा हजार पत्रावळी निघाल्या, असे परंपरा सांगते. मला या कथेत हजारापेक्षा पहिली पत्रावळ महत्त्वाची वाटते. पंडित मुलगा म्हाताऱ्या बापाचे उष्टे काढायला वाकला, तिथेच अर्धे काम झाले होते. अटी गेल्या, मंडप पुन्हा भरला.

गोदावरीचा मुलगा मुक्तेश्वर आजोबांच्या घरी खेळे. तो मुका होता आणि नाथांच्या कृपेने बोलू लागला, अशी आख्यायिका आहे. मराठीतला तो मोठा कवी झाला. म्हातारा आजोबा आणि मांडीवर नातू, हे चित्र त्या वाड्याने पुन्हा पाहिले.

शेवटच्या काळात नाथ भावार्थरामायण लिहीत होते. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि ते थांबले. ग्रंथ अपुरा राहिला म्हणून त्यांनी तळमळ केली नाही. पुढचे लेखन गावबा नावाच्या शिष्यावर सोपवले, आणि त्याने ते पुरे केले. इ. स. १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी कीर्तन केले आणि ज्या गोदावरीत रोज पहाटे स्नान केले होते, तिच्यातच देह ठेवला. घरी गिरिजाबाई होत्या, उद्धव होता, आणि ज्याला काशीहून आणले होते तो हरीही होता.